परसातील आजारी कोंबड्याची शुश्रूषा

परसात पाळलेल्या गावरान कोंबड्याचा आजार बहुधा उशिरा लक्षात येतो, कारण इतर प्राण्यांचे भक्ष्य ठरणारे पक्षी अंगातील अशक्तता शक्य तोवर दडवतात, आणि पंख पिंजारून, डोळे मिटून कोंबड्याने कोपरा धरला की दुखणे बरेच पुढे गेले आहे असे समजावे लागते. अंडी न देणाऱ्या या पक्ष्यासाठी वेळ आणि पैसा कशाला खर्चायचा, या विचाराने पुष्कळ घरांत तो मरण्याआधीच कापला जातो. ही रीत पक्ष्यावर अन्याय करणारी तर आहेच, पण घरालाही धोक्याची आहे. कारण एका कोंबड्याचे दुखणे नीट पाहिले, तर उरलेल्या कोंबड्यांवर आणि प्रसंगी माणसांवर काय येऊ घातले आहे, हे वेळीच कळू शकते.

पाहणीचा आरंभ तुऱ्यापासून करावा. तुरा फिकट पडला असेल तर रक्तक्षयाचा संशय घ्यावा लागतो आणि त्यामागे जंत किंवा रात्री खुराड्याच्या फटींतून बाहेर येऊन रक्त पिणारे बारीक लाल किडे असू शकतात. तुरा निळा-जांभळा झाला असेल तर श्वसन किंवा रक्ताभिसरण बिघडल्याची ती खूण असते. छातीच्या मधोमध असलेल्या हाडाची कड बोटांना धारदार लागली, तर दोन्ही बाजूंचे मांस झडले आहे, म्हणजे आजार बऱ्याच दिवसांचा आहे, असे अनुमान निघते. विष्ठेवरील पांढरा थर हा पक्ष्यांच्या मूत्राचा घन भाग असल्याने तो दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही; मात्र पातळ हिरवी विष्ठा खाणे थांबल्याची किंवा एखाद्या गंभीर रोगाची, तर रक्तमिश्रित विष्ठा आतड्यांना इजा झाल्याची सूचना देते. गळ्याखाली धान्य साठवणारी पिशवी रात्रीतून रिकामी व्हायला हवी, आणि ती सकाळीही टणक किंवा आंबूस वासाची व पाण्याने भरलेली लागली, तर अन्न पुढे सरकत नाही हे उघड होते.

रोगाचे नाव कळण्यापूर्वीच करायच्या गोष्टी तीन आहेत: वेगळे ठेवणे, ऊब देणे आणि पाणी पाजणे. आजारी कोंबड्याला इतरांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावे, त्याची भांडी वेगळी असावीत आणि निरोगी कोंबड्यांचे दाणापाणी आधी उरकून मगच त्याच्याकडे जावे. निरोगी कोंबड्याच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते व ते राखण्यासाठी त्याला सतत अन्न लागते. खाणे थांबले की ही उष्णता टिकवण्यातच उरलीसुरली शक्ती संपते. म्हणून त्याच्या जागेच्या एका बाजूस दिवा लावून तेथे सुमारे ३० अंशांची ऊब ठेवावी, दुसरी बाजू थंड राहू द्यावी, आणि तो चोच उघडून धापा टाकू लागला तर दिवा दूर करावा.

पाण्यात जलसंजीवनी मिसळून दिली तर शरीरातून गेलेले क्षार भरून निघतात. परंतु ती चोचीत ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि ओतलेले पाणी थेट फुप्फुसांत जाऊ शकते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावून पक्ष्याला स्वतः गिळू देणे हाच सुरक्षित मार्ग होय. अंगात ऊब आणि पाणी आल्यावरच भिजवलेला भरडा किंवा बारीक कुस्करलेले उकडलेले अंडे थोडे थोडे द्यावे. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल नसते आणि छातीचे हाड पुढेमागे हलल्यानेच त्यांचा श्वास चालतो, म्हणून कोंबड्याला हाताळताना छाती आवळली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

यापुढचा प्रश्न निदानाचा आहे आणि तो डोळ्यांच्या अंदाजावर सोडता येत नाही. महाराष्ट्रात मानमोडी म्हणून ओळखला जाणारा राणीखेत रोग विषाणूजन्य असून त्यात श्वास घरघरतो, हिरवी हगवण लागते आणि मान पिळवटते. भारतात तो १९२७ मध्ये कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्याने त्याला हे नाव पडले. त्यावर औषध नाही, आणि जगलेल्या काही पक्ष्यांची मान कायमची वाकडी राहते. पाय लुळे पडण्याचेही असेच आहे. हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये चार नर कोंबड्यांमधील पक्षाघाताचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विषाणूजन्य रोगात मज्जातंतू सुजतात, एक पाय पुढे व एक मागे पसरतो, आणि हा रोगही बरा होत नाही. उलट डच वैद्य क्रिस्तियान आइकमन यांना १८९० च्या दशकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, असे दिसले की केवळ सडीक पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या सावरतात. हा ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव होता व तो भरून काढता येतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन दुखण्यांपैकी एक असाध्य आणि दुसरे साध्य असू शकते, म्हणूनच पशुवैद्यकाची गरज पडते.

घरातील औषधे अंदाजाने देणे यासाठीच टाळावे. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, आणि त्यांच्या अतिवापराने जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. याच कारणाने कोंबड्यांसह अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली. माणसांच्या वेदनाशामकांपैकी डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडे निकामी करून देशातील गिधाडे जवळजवळ संपवली, आणि ते कोंबड्यांनाही घातक आहे.

एकाएकी अनेक पक्षी मरू लागले, तर मात्र शुश्रूषा थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला, आणि हा विषाणू माणसांनाही बाधू शकतो. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि आजारी पक्षी कापून खाऊ अथवा विकू नये. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अशी माहिती देणे मालकाचे कर्तव्यही आहे.

आजार असाध्य ठरला आणि पक्ष्याला वेदना होत असतील, तर पशुवैद्यकाकडून त्याला कमीत कमी त्रासात मरण देणे हाही शुश्रूषेचाच भाग मानला पाहिजे. त्यानंतरचे शवविच्छेदन मृत्यूचे खरे कारण सांगते, आणि त्या कारणावरून उरलेल्या कोंबड्यांसाठी उपाय ठरतो. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचून दिली जाते, तर मारेकची लस पिल्लू अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच द्यावी लागते. कोंबडा अंडी देत नाही, तरी तो त्याच खुराड्यात राहतो आणि त्याच अंगणात दाणे टिपतो, त्यामुळे लसीकरणातून व उपचारातून त्याला वगळणाऱ्या घराच्या इतर कोंबड्याही सुरक्षित राहू शकत नाहीत.