शब्दकोडं अडलं तर उत्तर नको, अक्षर मागा

मैत्रिणींनो, पेपर घरात आला की पहिलं पान घरधनी घेतात, खेळाचं पान पोरं पळवतात, आणि आपल्या वाट्याला उरतं ते शब्दकोड्याचं पान. बऱ्याच जणी चार घरं भरतात आणि पेन ठेवून देतात. “आपल्याच्यानं नाही होत, बाई.” नाहीतर लेकीला हाक मारतात. लेक शाळेच्या घाईत भराभर उत्तरं सांगते, आई लिहून घेते. कोडं भरलं खरं, पण सोडवलं कोणी?

गटाच्या वहीचंही असंच होतं. एकजण लिहिते, बाकीच्या सह्या करतात. सातवी-आठवी शिकलेली बाई हळूहळू वाचणं विसरते ती अशीच. मग कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय हेही दुसऱ्यालाच विचारावं लागतं. रोज दहा मिनिटं कोड्याला दिली तर अक्षर डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून मदत जरूर घ्या, पण ती कशी घ्यायची ते नीट पाहू.

पहिली मदत कोड्यातच असते. आडवे आणि उभे शब्द एकमेकांना छेदतात, त्यामुळे एक शब्द आला की दुसऱ्याचं एक अक्षर फुकट मिळतं. समजा आडव्या शब्दाला चार घरं आहेत आणि सूचना आहे, ‘कालिदासाचं स्मारक असलेलं नागपूर जिल्ह्यातलं गाव’. आठवत नाही? सोडून द्या. त्याच्या पहिल्या घरातून खाली दोन घरांचा शब्द आहे, ‘श्रावणी पौर्णिमेला भावाला बांधतात’. राखी. म्हणजे गावाचं पहिलं अक्षर ‘रा’. तिसऱ्या घरातून खाली तीन घरं, ‘उंच जागा, नागपुरात इथला गणपती प्रसिद्ध’. टेकडी. आता रा, एक रिकामं घर, टे, एक रिकामं घर. रामटेक कोणालाही सुचेल. म्हणून वरून खाली क्रमानं सोडवायचा हट्ट धरू नका. जे सोपं ते आधी.

शब्दकोड्याचा हा खेळ मूळचा अमेरिकेतला. आर्थर विन नावाच्या माणसानं रचलेलं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात छापून आलं. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर बसतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं घेऊन अख्खं अक्षर एका घरात येतं. जोडाक्षरालाही एकच घर. ‘पुस्तक’ला तीन घरं लागतात, पु, स्त, क. ‘अंबाझरी’ला चार. घरं मोजताना इथंच गडबड होते आणि बाई समजते की आपलं उत्तरच चुकलं.

वेलांटीचा घोळ होत असेल तर एक नियम पाठ करा. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी आली की ती दुसरी, उकार आला की तोही दुसरा. पाणी, पाटी, खडू. आणि शेवटचं अक्षर असं दीर्घ असलं की त्याच्या आधीचं बहुतेक ऱ्हस्व असतं. विळी लिहिताना ‘वि’ पहिली, ‘ळी’ दुसरी. सूचनेतही खूण लपलेली असते. सूचना अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी. ‘रागावणे’ असं दिलं असेल तर उत्तराचं शेवटचं घर बहुधा ‘णे’ असतं, ते आधीच भरून ठेवा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. कोडं प्रमाण मराठीत असतं. ‘भाजीवर बारीक चिरून टाकतात’ असं वाचलं की आपण म्हणतो सांबार, आणि घरं असतात चार. तिथं हवी असते कोथिंबीर. आपलं वावर त्यांचं शेत असतं, आपला आलू त्यांचा बटाटा, आपली बिही त्यांचा पेरू. यात आपलं काही चुकत नाही. आपल्याला एका वस्तूचे दोन शब्द येतात, कोडं रचणाऱ्याला कदाचित एकच येत असेल. उत्तर बसत नसेल तर ‘पुस्तकात याला काय म्हणतात’ एवढं स्वतःला विचारा.

मग येतात ते जड शब्द. कोड्यात रात्र, नदी, पृथ्वी, फूल यांचे समानार्थी शब्द पुन्हा पुन्हा विचारतात. घाबरू नका, गटाचा हजेरीपट उघडा! रजनी आणि निशा म्हणजे रात्र. उषा म्हणजे पहाट. सरिता म्हणजे नदी, वसुधा म्हणजे पृथ्वी, लता म्हणजे वेल, नलिनी म्हणजे कमळाची वेल. सुमन आणि कुसुम दोघीही फूल. वर्षा तर पाऊसच. दर आठवड्याला हाक मारतो ती नावं, अर्ध्या कोड्याची उत्तरं त्यात बसलेली असतात. आता बैठकीत प्रत्येकीला तिच्या नावाचा अर्थ विचारून बघा, कितीजणींना माहीत नसतो ते कळेल.

माणसांची मदत घ्यायची तर ज्याचं त्याला विचारा. अर्धी म्हण देऊन उरलेली मागितली असेल तर सासूबाई. खेळाडू किंवा सिनेमा असेल तर पोरं. पुराणातलं नाव असेल तर भजनी मंडळातल्या आजी. पण विचारताना “उत्तर सांग” म्हणू नका. “पहिलं अक्षर सांग” म्हणा, किंवा “आणखी एक खूण दे” म्हणा. ‘तुकडोजी महाराजांचा ग्रंथ, चार घरं’ अडलं आणि कोणी ‘ग्रा’ एवढंच सांगितलं, तर ग्रामगीता तुम्हीच लिहाल, आणि ते लक्षातही राहील. पोरांना हे शिकवायला दोन दिवस लागतात, त्यांना उत्तर सांगून मोकळं व्हायचं असतं.

गावात शासनमान्य वाचनालय असेल तर तिथं पेपर फुकट वाचता येतो, शब्दकोशही मिळू शकतो. शब्दकोश बाराखडीच्या क्रमानं असतो, त्यामुळे पहिलं अक्षर हाती असलं की पान सापडतं. फोनवर बोलून शब्दाचा अर्थ विचारता येतो, पण तो शेवटचा उपाय ठेवा.

फोनचं निघालं म्हणून सांगते. “कोडं सोडवा, बक्षीस जिंका, आधी फी भरा” असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका आणि ओटीपी सांगू नका. हा धंदा जुना आहे. पूर्वी फी घेऊन बक्षिसाची कोडी चालवायचे. उत्तर एकाहून जास्त जुळायचं, आणि बरोबर कुठलं ते आयोजकाच्या बंद पाकिटात. शेवटी १९५५ साली केंद्रानं कायदा करून महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या अशा स्पर्धा बंद केल्या, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा कायम ठेवला. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा, लाजू नका.

कोड्याचं उत्तर बहुतेक दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं. तोवर कालचा पेपर फळीवर अंथरू नका. उत्तर पडताळा, आणि जो शब्द नवीन वाटला तो वहीच्या मागच्या पानावर लिहा.

आता एक छोटं कोडं तुमच्यासाठी. आडवा शब्द, तीन घरं: स्त्री, हजेरीपटातही सापडेल. त्याच्या पहिल्या घरातून खाली, तीन घरं: भातावर वाढतात. शेवटच्या घरातून खाली, दोन घरं: दही घुसळलं की मिळतं. स्त्रीसाठी ललना, महिला, अंगना असे पुष्कळ शब्द आहेत, म्हणून आधी उभे शब्द सोडवा. उत्तर पुढच्या अंकात.