अणुभट्टीत इंधन भरताना

बटण दाबले की दिवा लागतो. ही वीज कोठून येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. कोठे धरणाच्या पाण्यावर, कोठे कोळशावर, तर कोठे युरेनियम या धातूपासून वीज तयार करतात. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठी, तारापूर येथे असे अणुवीज केंद्र आहे. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ साली वीज मिळू लागली. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र होय.

चुलीतील लाकूड संपत आले की आपण नवे लाकूड आत सारतो. अणुभट्टीतील इंधनही ठरावीक काळाने बदलावे लागते. मात्र हे काम चुलीत लाकूड सारण्याइतके सोपे नाही. ते कसे करतात आणि करताना कोणती खबरदारी घेतात, ते आपण पाहू.

प्रथम भट्टीच्या आत काय घडते, ते समजून घेऊ. न्यूट्रॉन हा एक अतिशय सूक्ष्म कण आहे. तो युरेनियमच्या काही विशिष्ट अणूंवर आदळला की तो अणू फुटतो. फुटताना उष्णता निर्माण होते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते आणखी अणू फोडतात. अशी ही साखळी सुरू राहते. प्रत्येक वेळी बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकानेच पुढचा अणू फोडला, तर भट्टी एका गतीने चालते. एकापेक्षा कमी झाले तर साखळी विझते. एकापेक्षा जास्त झाले तर ती भडकू लागते.

साखळीला लगाम घालण्यासाठी नियंत्रक दांडे असतात. ते न्यूट्रॉन शोषून घेतात. दांडे आत सारले की साखळी थांबते. बाहेर ओढले की ती सुरू होते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत हे दांडे खालून वर सरकतात. त्यांचा आकार अधिक चिन्हासारखा असतो. प्रत्येक दांड्याभोवती इंधनाचे चार जुडगे उभे असतात. एका भट्टीत असे एकूण २८४ जुडगे मावतात.

आता एक महत्त्वाची कल्पना पाहू. नदीकाठी बांध बांधताना पुराच्या पाण्याच्या पातळीइतकाच बांध कोणी बांधत नाही. पाणी कितीही चढले तरी बांधाचा माथा त्याहून बराच वर राहील, अशी व्यवस्था करतात. पाणी आणि माथा यांमधील हे राखून ठेवलेले अंतर म्हणजे सुरक्षा-अंतर. अणुभट्टीतही असेच अंतर राखतात. भट्टी बंद आहे एवढे पुरेसे नसते. ती पुन्हा चालू होण्याच्या स्थितीपासून किती दूर आहे, हे ठाऊक असावे लागते.

तारापूरच्या या जुन्या प्रकारच्या भट्टीत इंधन बदलायचे असेल, तर आधी ती पूर्ण बंद करतात. सर्व दांडे आत सारतात. मग भट्टीच्या पोलादी भांड्याचे जड झाकण उचलतात आणि वरचा हौद पाण्याने भरतात. पाणी भट्टीला थंड ठेवते आणि घातक किरणांनाही अडवते. हौदावर रुळांवरून सरकणारा एक पूल असतो. त्या पुलावर उभे राहून कर्मचारी लांब यंत्राने एकेक जुडगा उचलतात. जुना जुडगा पाण्याच्या बाहेर न काढता शेजारच्या साठवण हौदात नेतात. मग ठरलेल्या जागी नवा जुडगा बसवतात. सर्वच इंधन एकदम बदलत नाहीत. काही जुडगे नवे येतात, तर काही जुन्यांची फक्त जागा बदलते.

येथेच खरी कसोटी असते. वापरलेल्या इंधनातील फुटणारे अणू बरेचसे संपलेले असतात. नवे इंधन मात्र जोमदार असते. म्हणजे प्रत्येक नवा जुडगा खाली उतरला की सुरक्षा-अंतर थोडेसे बदलते. एखादा जुडगा चुकीच्या जागी गेला, तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून कोणता जुडगा कोठे ठेवायचा, हे आधीच गणिताने ठरवतात. प्रत्येक जुडग्यावर क्रमांक असतो. काम संपल्यावर पाण्यात कॅमेरा सोडून ते क्रमांक पुन्हा तपासतात. न्यूट्रॉन मोजणाऱ्या उपकरणांवरही सतत नजर असते.

या अंतरासाठी एक कडक नियम आहे. सर्वांत प्रभावी असा एक दांडा पूर्ण बाहेर राहिला आणि बाकीचे सर्व आत असले, तरीही भट्टी बंदच राहिली पाहिजे. क्रिकेटच्या संघातील सर्वांत भरवशाचा खेळाडू ऐन वेळी आजारी पडला, तरी सामना वाचेल अशी तयारी ठेवावी, तसाच हा नियम आहे.

हा नियम माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडलेला नाही. भट्टीत इंटरलॉक नावाची अटकाव करणारी यंत्रणा असते. इंधन बदलण्याच्या काळात एक दांडा बाहेर असेल, तर ती दुसरा बाहेर येऊ देत नाही. एखादा दांडा बाहेर असेल, तर जुडगा उचललेले यंत्र भट्टीवर येऊ शकत नाही.

पण ही यंत्रणाच कोणी बाजूला ठेवली तर? अमेरिकेतील व्हर्मांट यांकी या केंद्रात १९७३ साली ७ नोव्हेंबर रोजी तसे घडले. ती भट्टीही याच प्रकारची होती. ती बंद होती आणि भांड्याचे झाकण उघडे होते. कर्मचारी दांड्यांची चाचणी घेत होते. चाचणीच्या सोयीसाठी इंटरलॉक तात्पुरता निकामी केला होता. एक दांडा बाहेरच राहिला आणि त्याच्या शेजारचा दांडा बाहेर ओढला गेला. उघड्या भट्टीत साखळी सुरू झाली! सुदैवाने दुसऱ्या स्वयंचलित यंत्रणेने वाढते न्यूट्रॉन ओळखले आणि दांडे आत सारले. इंधनाची हानी झाली नाही आणि कोणाला इजाही झाली नाही. एक कुंपण ओलांडले गेले होते, पण त्यामागे दुसरे कुंपण शाबूत होते.

साखळी थांबली म्हणजे काळजी संपली, असेही नाही. चुलीतील जाळ विझला तरी निखारे बराच वेळ धगधगत राहतात. त्याचप्रमाणे साखळी थांबल्यावरही वापरलेल्या इंधनातून उष्णता निघत राहते. भट्टी बंद होताक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. एका तासाने ती सुमारे दीड टक्का होते. एका दिवसानेही सुमारे अर्धा टक्का उरतेच. अर्धा टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण १६० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत ५०० मेगावॅटहून अधिक उष्णता तयार होत असते. तिचा अर्धा टक्का म्हणजे एक किलोवॅटच्या अडीच हजार विजेच्या शेगड्या एकदम पेटवण्यासारखे आहे. म्हणून झाकण उघडे असतानाही पंप चालू ठेवावे लागतात आणि हौदातील पाण्याची पातळी सांभाळावी लागते.

हंगेरी देशातील पाक्श येथील केंद्रात एप्रिल २००३ मध्ये या गोष्टीचा विसर पडला. इंधनाचे ३० जुडगे भट्टीबाहेर काढून, पाण्याखालील एका टाकीत साफ केले होते. सफाई संपली, पण जुडगे काही तास टाकीतच राहिले. टाकीत फिरणारे पाणी त्यांना थंड ठेवायला अपुरे पडले. पाण्याची वाफ झाली, जुडगे तापले आणि फुटले. कोणाचा जीव गेला नाही. परंतु किरणोत्सारी वायू बाहेर पडला आणि ती भट्टी दीर्घकाळ बंद ठेवावी लागली.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या वेगळ्या प्रकारच्या आहेत. त्या २००५ आणि २००६ साली वीज देऊ लागल्या. प्रत्येकीची क्षमता ५४० मेगावॅट आहे. या भट्ट्यांत जड पाणी वापरतात आणि इंधन चालू भट्टीतच बदलतात! प्रत्येक भट्टीत ३९२ आडव्या नळ्या आहेत. प्रत्येक नळीत सुमारे अर्धा मीटर लांबीचे १३ जुडगे एकापुढे एक बसवलेले असतात. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र घट्ट बसते. एक यंत्र नवे जुडगे आत ढकलते. दुसरे यंत्र जुने जुडगे बाहेर घेते. हे सर्व काम दूरच्या नियंत्रण कक्षातून चालते.

येथेही सुरक्षा-अंतर राखावेच लागते. नव्या इंधनामुळे त्या नळीतील उष्णता वाढते. शेजारशेजारच्या अनेक नळ्यांत एकदम नवे इंधन भरले, तर भट्टीचा तेवढाच भाग जास्त तापेल. म्हणून कोणत्या नळीची पाळी केव्हा, हे गणिताने ठरवतात. नळ्या भट्टीच्या वेगवेगळ्या भागांतून निवडतात. थोडे थोडे इंधन वारंवार बदलल्याने भट्टीत जादा इंधनाचा जोर साठून राहत नाही, हा या पद्धतीचा फायदा आहे.

भारतातील अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. नियम, यंत्रे आणि देखरेख ही तीन कुंपणे आहेत. त्यांची आखणी एका साध्या विचारावर झाली आहे: माणूस चुकू शकतो, यंत्र बिघडू शकते, म्हणून एक चूक झाली तरी सर्व सुरक्षित राहील एवढे अंतर आधीच राखून ठेवावे. ते अंतर सोयीसाठी किंवा घाईसाठी कधीही खर्चू नये.

शब्दार्थ
खबरदारी – काळजी, दक्षता
लगाम घालणे – ताब्यात ठेवणे
जुडगा – एकत्र बांधलेला गठ्ठा
जोमदार – जोर असलेला
शाबूत – न मोडलेले, सुरक्षित
देखरेख – लक्ष ठेवणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारतातील पहिले अणुवीज केंद्र कोठे आहे?
(आ) नियंत्रक दांडे कोणते काम करतात?
२. कारणे द्या.
(अ) इंधनाचा जुडगा पाण्याबाहेर काढत नाहीत.
(आ) शेजारशेजारच्या नळ्यांत एकदम नवे इंधन भरत नाहीत.
३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
व्हर्मांट यांकी येथील घटनेतून कोणता धडा मिळतो?
४. 'सुरक्षा-अंतर' राखण्याची तुमच्या रोजच्या जीवनातील दोन उदाहरणे लिहा.