हिरवं बटण, लाल बटण

मालेगावात मोसम नदीच्या अलीकडे जा की पलीकडे, यंत्रमागांची खडखड कानावर येतेच. मोटारीला स्टार्टर असेल तर त्यावर दोन बटणं दिसतात, एक हिरवं, एक लाल. दिसायला भावंडं, पण आतून अगदी उलट. हिरवं दाबलं की दोन धातू एकमेकांना टेकतात. लाल दाबलं की टेकलेले धातू सुटतात. बोट उचललं की दोन्हीकडे स्प्रिंग सगळं मूळ जागी आणते. हा फरक पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, हाताने केला की राहतो. म्हणून या सुट्टीत मुलांना घेऊन बसा आणि असं बटण घरी करा.

सामान भंगारात मिळतं. मालाच्या पेट्यांभोवती पोलादी पट्टी आवळलेली असते, तिचा सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. ही पट्टी मुद्दाम सांगतो, कारण ती दाबली की परत वर येते. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापायला सोपा, पण दबला की दबलेलाच राहतो. शिवाय त्यावरचा पातळ थर खरवडल्याशिवाय वीज जात नाही. पट्टीलाही रंग असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने लख्ख घासा आणि कडांवरून कानस फिरवा, नाहीतर बोट कापेल.

पट्टीच्या एका टोकाला भोक पाडून ते लाकडाच्या तुकड्यावर स्क्रूने आवळा. दुसरं टोक किंचित वर राहील असा बाक द्या. त्याच्या बरोबर खाली पितळी स्क्रू पिळा, डोकं वर ठेवून. मधे तीन-चार मिलिमीटर फट पुरे. दोन्ही स्क्रूंना एकेक वायर जोडा आणि त्या वाटेवर दीड व्होल्टचे दोन सेल व टॉर्चचा तीन व्होल्टचा बल्ब घाला. लाल एलईडी लावायचा असेल तर सोबत शंभर ओहमचा रेझिस्टर हवा. पट्टीच्या टोकावर शर्टाचं जुनं बटण चिकटवा. झालं हिरवं बटण.

दाबल्यावर बल्ब लुकलुकला तर सेलला दोष देऊ नका, आधी टेकणारी जागा बघा. तिथे गंज किंवा धूळ असते. मागाच्या खोलीत तर सुताची बारीक फुई सगळीकडे बसते, आणि तीन व्होल्टची वीज अडवायला एक तंतूही पुरतो. पट्टीला असा बाक द्या की टेकताना टोक स्क्रूवर किंचित घासलं जाईल. दर दाबण्याला जागा आपोआप पुसली जाते.

आता लाल. खालच्या स्क्रूची वायर काढा. पट्टीच्या टोकाशी लाकडात एल आकाराचा खिळा असा ठोका की पट्टी स्वतःच्या जोराने त्याला खालून टेकून राहील, आणि वायर त्या खिळ्याला द्या. बल्ब पेटलेलाच राहतो, दाबलं की विझतो. आता वायर मधेच तोडून बघा: बल्ब विझतो. बंद करण्याचं बटण असं उलट का ठेवतात, ते इथे कळतं. तार तुटली तर यंत्र चालू राहत नाही, थांबतं. कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच, असलेल्या स्टार्टरमध्ये आणखी एक सोय असते. हिरवं बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो, पण वीज गेली की सुटतो. ती परत आली तरी हिरवं दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. वीज नसताना मागात हात घातलेल्या कारागिराची बोटं यामुळे वाचतात. लाल बटण बिघडलं म्हणून वायर परस्पर जोडून टाकणं हा माझ्या लेखी गुन्हाच आहे.

मागावरचं सर्वात सुंदर बटण मात्र बोटाने दाबायचं नसतंच. ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर पातळ पोलादी पिन टांगतात. धागा तुटला की पिन खाली पडते, कमी व्होल्टेजचं सर्किट जुळतं आणि माग थांबतो. म्हणजे तिथे धागाच स्विच उघडा धरून असतो. साध्या मागांना अशा जोडण्या बसवायला 2017 च्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत अनुदान ठेवलं होतं.

एवढं लक्षात ठेवा: तुमच्या बटणाचा धातू उघडा आहे. ते सेलवरच चालवा, घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनला कधीही जोडू नका.