करंट कोण खातंय?

सकाळी ६

फोन मोशीतून येतो. चाकणच्या एका कारखान्याला लावलेली कॅब. पहिल्या शिफ्टची माणसं खाली येऊन उभी आहेत आणि गाडी सेल्फच मारत नाही. बॅटरी नवी, तीन महिन्यांची. याच आठवड्यात दुसऱ्यांदा उतरली. माझं दुकान स्पाइन रोडला, त्यामुळे लगेच पोचतो. मीटर ११.७ व्होल्ट दाखवतो. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास असते. १२च्या खाली गेली म्हणजे जवळपास रिकामीच.

जंपर केबलचा शेवटचा काळा चिमटा मी उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावत नाही, इंजिनच्या उघड्या धातूला लावतो. जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो; दोघांची गाठ न पडलेली बरी. गाडी सुरू होते. “माणसं सोड आणि थेट दुकानावर ये. वाटेत बंद करू नकोस,” एवढं सांगून परततो.

सकाळी ९

आज गुरुवार. महावितरणच्या देखभालीचा वार, वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून चार्जरची कामं आधी. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरने सावकाश भरायचं. घाईने भरली तर तापते आणि आतल्या प्लेटांची वाट लागते.

चिंचवडला एक्साइडचा कारखाना १९६९पासून आहे. पिंपरीत टाटा, आकुर्डीला बजाज, चाकणला महिंद्रा आणि फोक्सवॅगन. इथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा कोणी ना कोणी भाऊ किंवा मेव्हणा यांतल्या एका गेटच्या आत असतो. त्यामुळे गाडी माझ्याकडे येते ती निदानासकट. कॅबवाल्याच्या मेव्हण्याचं निदान: जीपीएस ट्रॅकर बॅटरी पितोय.

सकाळी १०.१५

कॅब येते. ट्रॅकरकडे बघण्याआधी दोन गोष्टी बाद करायच्या. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज १०.४च्या खाली जात नाही. साडेनऊच्या आसपास घसरला असता तर बॅटरीवर संशय घेतला असता. इंजिन चालू असताना डायनॅमो १४.२ देतो, हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावूनही १३.६. म्हणजे बॅटरीही ठीक, डायनॅमोही ठीक. आता उरला चोर.

सकाळी १०.४५

दहाच्या पान्ह्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवतो आणि टर्मिनल व केबलच्या मध्ये मीटर घालतो, दहा अँपिअरच्या भोकात वायर लावून. काचा खाली. दाराचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने फिरवून ठेवतो, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटतं. किल्ली लांब, गल्ल्यात. आता कोणी सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचा नाही. नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो.

आकडा २.४ अँपिअर. हाताखालचा पोरगा लगेच फ्यूज उपसायला सरसावतो. त्याला थांबवतो. आजकालच्या गाड्यांतले कंट्रोलर किल्ली काढल्यावरही बराच वेळ जागे असतात आणि एकेक करून झोपतात. कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला अर्धा तास. तोवरचा आकडा खोटा. चहा सांगतो.

चहाबरोबर मी ड्रायव्हरला विचारत बसतो. गाडी कुठे उभी असते? दिवसाचं काय करतो? सकाळी माणसं गेटवर सोडली की दुपारी शिफ्ट सुटेपर्यंत तो तिथेच थांबतो. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पार करून घरी यायचं आणि पुन्हा जायचं म्हणजे इंधन वाया. मग झोप, मोबाइल, गाणी.

सकाळी ११.३०

आकडा ०.६२वर येऊन थांबलाय. बऱ्याच गाड्यांत तो ०.०५च्या आत हवा, म्हणजे पन्नास मिलिअँपिअर. फ्यूज उपसून परत बसवला तर झोपलेला कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास जातो. म्हणून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना दुसरा मीटर मिलिव्होल्टवर टेकवायचा. ज्यातून करंट जातोय तिथेच काहीतरी आकडा दिसतो. बाकी सगळे शून्य, एक सोडून: म्युझिक सिस्टीमचा. तो काढल्याबरोबर पहिला मीटर ०.०४वर.

ट्रॅकरची वायर वेगळी, तिच्या फ्यूजसकट. त्याचा खर्च ०.०२. केंद्राच्या नियमाने १ जानेवारी २०१९पासून नोंदलेल्या सार्वजनिक सेवेच्या गाड्यांना ट्रॅकर आणि पॅनिक बटण लागतं, रिक्षा वगळून. तेव्हापासून कॅबमधलं काहीही बिघडलं की आळ त्याच्यावर येतो. या गाडीत तो निर्दोष.

दुपारी १२.३०

सिस्टीम बाहेर ओढतो. मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर टेप मारलेली. पिवळी कायम चालू, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवण्यापुरती. लाल किल्लीवर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही एक केल्या की सिस्टीमला गाडी बंद झाल्याचं कळतच नाही.

“हे कुणी केलं?”

“मीच करून घेतलं, मिस्त्री. किल्ली काढून गाणी लागावीत म्हणून.”

मग हिशोब मांडतो. रात्रीचे दहा तास, ०.६२ने सहा अँपिअर-तास. गेटवर पाच तास गाणी, दोन अँपिअर धरले तरी दहा. रोजचे सोळा गेले, पस्तीसांतून. परत भरायला मोशी ते चाकण बारा-पंधरा किलोमीटर, तेही कोंडीत, एसी लावून. दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरणारच. आणि अशी वारंवार उतरली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग नवीही सहा महिन्यांत जाते.

लाल वायर किल्लीच्या लाइनवर जोडतो. पुन्हा मोजतो: ०.०४. गेटवर गाण्यांसाठी चार्जिंगचा छोटा स्पीकर घे म्हणून सांगतो. त्याची बॅटरी चार्जरला ठेवून आमची सर्व्हिस बॅटरी बसवून देतो. शिफ्ट सुटायला त्याला गेटवर हजर राहायचंय.

दुपारी ४.३०

आकुर्डीचे एक काका. गाडीची तीच तक्रार, पण मीटर ०.०३ दाखवतो. कंपनीची बस नेते-आणते, गाडी फक्त रविवारी मंडईपर्यंत. आठवड्याला पाच अँपिअर-तास नुसते उभ्या उभ्या जातात आणि मंडईच्या फेरीत काही परत येत नाही. दुरुस्ती काहीच नाही. रविवारी तळेगावपर्यंत जाऊन या म्हणतो. त्यांना हे पटत नाही. काहीतरी बदलून हवं असतं.

रात्री ८.३०

कॅबवाला बॅटरी न्यायला येतो. चार्जरवरून काढून दोन तास झालेत, १२.६. लगेच मोजली असती तर फुगीर आकडा आला असता. बिल सहाशे.

“मिस्त्री, पार्ट तर एकही टाकला नाही.”

हे रोजचंच. नवी बॅटरी विकली असती तर मला याहून जास्त सुटले असते, त्यानेही घासाघीस न करता दिले असते आणि चार दिवसांनी मला पहाटे पुन्हा उठवलं असतं. वस्तूचे पैसे सगळे देतात. चूक शोधण्याचे मागितले की पावती बघतात. पाचशेवर मिटतं. पोरगा म्हणतो, पाटीवर लिहून टाकू या: तपासणीचे पैसे वेगळे. उद्या पेंटरला बोलावतो.