दीड तासाचें अंतर

कॅनडाच्या अगदीं उत्तरेस रेझोल्यूट व ग्रीस फिओर्ड हीं इन्युइट लोकांचीं दोन लहान गांवें आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारें १२ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एवढा फरक म्हणजे ८०० मैलांहून अधिक अंतर. परंतु रेखावृत्तें ध्रुवाकडे एकवटत जात असल्यामुळें हीं गांवें परस्परांपासून अवघीं २४० मैल दूर आहेत. मध्यें रस्ता नाहीं आणि समुद्र वर्षांतील बहुतेक महिने गोठलेला असतो. तासाला सुमारें १७० मैल जाणारें लहानसें ट्विन ऑटर विमान हा पल्ला दीड तासांत गांठतें.

पण हें झालें कागदावरचें गणित. ग्रीस फिओर्डची खडीची आंखूड धांवपट्टी डोंगर व समुद्र यांच्या बेचक्यांत आहे. वारा किंवा धुकें आडवें आलें, कीं विमान, टपाल आणि रुग्ण सारेच खोळंबतात.

या अंतरामागें एक ताटातूटही आहे. १९५३ सालीं कॅनडा सरकारनें इनुकजुआक येथील इन्युइट कुटुंबांना सुमारें १२०० मैल उत्तरेस आणलें. एकत्र राहूं अशा समजुतीनें निघालेल्या या आप्तांची जहाजावरच निरनिराळ्या वस्त्यांत वांटणी झाली. सरकारनें क्षमा मागितली ती २०१० सालीं. त्यांच्या नातवंडांना आज हा पल्ला दीड तासाचा आहे. मात्र आभाळ मोकळें असेल तरच.