फूल आणि दोन पानं

माझं आजोळ फोंडा तालुक्यातलं. श्रावणात दुपारची जेवणं उरकली की आजी लाल फडक्यातून श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' सोडायची. ओव्या खणखणीत मराठीत चालायच्या. मध्येच अंगणात चाहूल लागली की बोट ओवीवर तसंच ठेवून ती मामीला हाक मारायची, "भायर कोण आयला, पळय गो." मामी उठायची आणि इकडे अर्जुन पुन्हा मराठीत बोलू लागायचा. आपण एका भाषेतून दुसरीत जातो-येतो आहोत, हे आजीच्या गावीही नसायचं. पोथी वाचायची ती मराठीत, बोलायचं ते कोंकणीत, बस्स. जनगणनेच्या माणसानं दारात येऊन "मातृभाषा?" म्हणून विचारलं असेल, तेव्हा तिनं काय सांगितलं असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि हा प्रश्न अख्ख्या गोव्याला विचारला गेला. उत्तर एकच द्यायचं होतं.

खरं तर गोव्यानं एक उत्तर कधीच दिलं नव्हतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री साष्टीत आला, राहिला. त्यानं ख्रिस्ताची कथा सांगायला ओवी निवडली ती मराठी. 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं. आणि लोकांशी बोलता यावं म्हणून त्यानंच जे व्याकरण लिहिलं ते कोंकणीचं. त्याच्या पश्चात, 1640 मध्ये, तेही छापून निघालं. आजीची वाटणी आणि पाद्र्याची वाटणी एकच म्हणायची. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागा, असा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला, पण सरकार, न्यायालय, शिक्षण सगळं पोर्तुगीजकडे गेलं. कोंकणी स्वयंपाकघरात आणि शेतात टिकली. मराठी देवळात, भजनात आणि दशावताराच्या रंगमंचावर.

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पक्षाचं नावच महाराष्ट्रवादी गोमंतक. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हा त्या पक्षाचा कार्यक्रम. आज मागे वळून बघताना महाराष्ट्रातल्या माणसाला यात फक्त भाषेचं प्रेम दिसतं आणि विलीनीकरणाच्या विरोधकाला फक्त महाराष्ट्राची हाव. दोघंही भाटकाराला विसरतात. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि त्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, महाराष्ट्रातून शिक्षक आले, आणि ज्याच्या सात पिढ्यांत कुणी पाटीला हात लावला नव्हता त्या मुंडकाराचा मुलगा मराठीतून शिकला. त्याच्या दृष्टीनं मराठी ही भाटकाराच्या अंगणातून बाहेर पडायची वाट होती. कोंकणीच्या बाजूला सारस्वत भाटकार आणि ख्रिस्ती उच्चभ्रू उभे दिसत होते. त्यामुळे कोंकणी हीच आपली भाषा, असं कुणी सांगायला आलं की मुंडकाराला आधी सांगणाऱ्याचं आडनाव ऐकू यायचं.

16 जानेवारी 1967 ला विलीनीकरणावर जनमत कौल झाला.  विलीनीकरण हवं असेल तर फुलावर शिक्का, संघप्रदेश म्हणून राहायचं असेल तर दोन पानांवर. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. गोव्यात जरा वयस्क माणसाला हा शेवटचा आकडा विचारून बघा, पाठ असतो.

या लढाईतली एक गंमत मात्र पुरेशी सांगितली जात नाही. ती मराठीत लढली गेली. दोन्ही बाजूंनी. विलीनीकरणाच्या बाजूनं 'गोमन्तक' हे मराठी दैनिक होतं, त्याला उत्तर द्यायला मडगावातून 'राष्ट्रमत' निघालं. तेही मराठीच. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर लोक टपून वाचायचे आणि त्यातून कोंकणीची, गोव्याच्या वेगळेपणाची बाजू नेमक्या, धारदार मराठीत मांडली जायची. मराठी ही गोव्याची भाषा नाही हे पटवायला मराठीच लागत होती, कारण हिंदू गोंयकार वाचत होता ते मराठी. फुलाच्या बाजूचे लोक याकडे बोट दाखवून म्हणायचे, बघा, यांनाही मराठीशिवाय चालत नाही. पण कौल देणारा गोंयकार वाचत मराठी असला तरी भांडत, रडत आणि पोराला निजवत कोंकणीत होता. शिवाय दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं! विलीनीकरण नको, विलीनीकरणवाले मुख्यमंत्री चालतील. मला तरी हा निकाल कौलाइतकाच शहाणा वाटतो.

बाकीबाब बोरकर याच दोन पानांच्या बाजूचे. महाराष्ट्राला ते आपले कवी वाटतात आणि ते आहेतही. पण त्यांना 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सासाय' या कोंकणी संग्रहाला. उलट अ. का. प्रियोळकर. जन्मानं गोव्याचे, 1951 च्या कारवारच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि शेवटपर्यंत मराठीचे कैवारी. यांतला कोण खरा गोंयकार, हे ठरवायला बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचा चहा गार होतो.

महाराष्ट्राचं चुकलं कुठे? माझ्या मते एका शब्दात: बोली. कोंकणी ही मराठीची बोली आहे, हे आपण इतक्या सहज, इतक्या वडीलधाऱ्या सुरात बोलत राहिलो की मराठीवर मनापासून प्रेम करणारा गोंयकारही दुखावला. (मराठीत आपण 'कोकणी' लिहितो आणि त्यात रत्नागिरीचा माणूसही येतो. गोव्यातला माणूस अनुस्वार देऊन 'कोंकणी' लिहितो आणि तो अनुस्वार कुणी गाळला की बरोबर ओळखतो.) 1975 मध्ये साहित्य अकादमीनं कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, तेव्हा भाषाशास्त्राच्या अंगानं वाद संपायला हवा होता. संपला नाही.

1985 पासून राजभाषेचं आंदोलन पेटलं. 1986 च्या डिसेंबरात सात जणांचे प्राण गेले. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला: राजभाषा देवनागरी लिपीतली कोंकणी, आणि सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी मराठीही वापरता येईल. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा घटक राज्य झालं, 1992 मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. कायद्याची ती दोन वाक्यं म्हणजे आजीचीच सोय, फक्त वकिली भाषेत. पण ज्या ख्रिस्ती कोंकणीवाद्यांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं, त्यांची लिपी रोमन. तियात्र, साप्ताहिकं, चर्चमधल्या प्रार्थना सगळं त्याच लिपीत. भाषा जिंकली आणि त्यांची लिपी दाराबाहेर राहिली. ती तक्रार आजही जिवंत आहे, आणि ती रास्त आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो सगळ्यांच्या घरचा आहे. 1990 मध्ये प्राथमिक शाळांचं अनुदान देशी भाषांपुरतं ठेवलं गेलं. 2011 मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुलं झालं, पुढच्या सरकारनं ते अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांपुरतं चालू ठेवलं. रस्त्यावर मराठीवाले आणि कोंकणीवाले तेव्हा प्रथमच एकत्र दिसले, पण उशीर झाला होता. 1987 साली सुरू झालेलं 'सुनापरान्त' हे कोंकणी दैनिक 2015 मध्ये बंद पडलं. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 66 टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली, मराठी 11 टक्क्यांच्या आसपास. तरी सकाळी पणजीच्या बसस्टँडवर पेपरच्या गठ्ठ्यात मराठी पेपर आजही पुरेसे असतात.

गेल्या चवथीला आजोळी गेलो होतो. माटोळी बांधलेली, आजीची पोथी देवघरात फडक्यात तशीच. आरतीला मामाची नात पुढे होती, इंग्रजी शाळेत चौथीत आहे. आरती मराठीतच झाली. तिनं ती मोबाइलवर रोमन लिपीत वाचली, आणि मध्येच मामीला कोंकणीत विचारलं, निरांजन हातात घेऊ का.