सुरतची काळी जमीन : दर आणि कस

गुजरातेत शेतजमिनीचा सरकारी दर जंत्रीवरून ठरतो. १५ एप्रिल २०२३ पासून तो दुप्पट झाला. मातीचा कस मात्र त्यामुळे तसूभरही वाढला नाही. काकरापार व उकाईच्या कालव्यांमुळे सुरत जिल्ह्यात ऊस बहरला. परंतु काळ्या चिकण मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. अतिसिंचनाने भूजल वर येते, पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. ओलपाडसारख्या किनारी तालुक्यात हा धोका अधिक. आपल्या खाजनांना खारेपण नवे नाही, पण तेथे ते खाडीतून येते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा अधिक भरल्यास जमीन क्षारयुक्त मानतात. म्हणून जमिनीचे मोल ठरवताना केवळ वरच्या थराचा नमुना पुरत नाही. खालचे थर आणि पावसाळ्यानंतरची भूजलपातळीही तपासावी लागते.